फार बोलणारी पोरगी

सारसोळ्याच्या धक्क्यावर ओहोटीला गाळ उघडा पडला की कुंदन आणि त्याची धाकटी बहीण सुचिता तिथे बसून एक राज्य चालवत. हे राज्य खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत होतं. राजा एक म्हातारा खेकडा, चिंबोरा; त्याचं सैन्य निवट्यांचं, म्हणजे गाळावर उड्या मारत फिरणाऱ्या त्या बारक्या माशांचं. मागे नेरूळच्या नव्या इमारतींचे दिवे लागले की तो शत्रूचा किल्ला. कुंदन तिच्याहून बराच मोठा, त्यामुळे मित्रांसमोर तो या भानगडीत पडत नसे. पण आजूबाजूला कोणी नसलं की तोच विचारायचा, "काय झालं मग राजाचं?" आणि सुचिता जी सुरू व्हायची ती आई जेवायला हाक मारेपर्यंत थांबायची नाही. ही पोरगी डोकं खाते, असं घरातलं प्रत्येक माणूस म्हणायचं.

शहाण्णवच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. ताप मेंदूत गेला, एवढंच डॉक्टर म्हणाले. अकरा वर्षांची होती.

त्यानंतर घरात तिचं नाव निघेनासं झालं. तसं कोणी ठरवलं नव्हतं. आई सगुणाने तिचं दप्तर आणि शाळेचे कपडे माळ्यावर टाकले. जेवताना एखाद्या पाहुण्याने विषय काढलाच तर बाबा, गोटीराम, अर्ध्या ताटावरून उठून बाहेर जात. मग कुंदननेही बोलणं सोडलं. बारावी त्या उन्हाळ्यातच झाली होती. त्याने वाशीला कॉम्प्युटरचा क्लास लावला. तिथे कोणी विचारलं, घरी कोण कोण असतं, तर तो सांगायचा, "आई, बाबा, मी."

क्षिप्रा त्याला क्लासमध्ये भेटली. ती नेरूळला सोसायटीत राहायची. वडील बँकेत, आई वैजयंतीकाकू शिकवण्या घ्यायच्या. घरी स्वतःचा कॉम्प्युटर असलेली बॅचमधली ती एकटीच. प्रोग्राम लिहायला हुशार, चूक सापडेपर्यंत जागची हलायची नाही. कुंदनला चित्रं येत. क्लासचे बाबासो सर, मूळचे कोल्हापूरकडचे, एकदा म्हणाले, "पगारपत्रकाचा प्रोग्राम सगळेच करत्यात. तुम्ही दोघं काहीतरी येगळं करा की." त्यावर क्षिप्राने विचारलं, "गेम करू या? राज्य, राक्षस, तलवारी, तसलं? तुझ्याकडे एखादी गोष्ट आहे?"

कुंदन म्हणाला, "आहे."

त्याने तिला तिवरांचं राज्य सांगितलं. कोणाचं होतं ते सांगितलं नाही.

दर रविवारी तो क्षिप्राकडे जाऊ लागला. हॉलच्या कोपऱ्यात क्रोशाच्या झाकणाखाली ठेवलेला कॉम्प्युटर ती सुरू करायची आणि दोघं संध्याकाळपर्यंत बसायची. गेम असा होता की चिंबोऱ्या राजाला एका राक्षसाने कैद केलंय. खेळणाऱ्याने धक्क्यावरून निघायचं, तिवरांतून वाट काढायची, वाटेत भेटणाऱ्यांशी बोलायचं, लढायचं, शक्ती मिळवायची आणि राजाला सोडवायचं. कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून सगळी बोलणी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत.

धक्क्यावर पाय सोडून बसलेली एक मुलगी होती. तिच्याजवळ गेलं की ती बोलायची. ती बोलणी कुंदनने स्वतः टाईप केली. क्षिप्रा तेव्हा आतल्या खोलीत आईला मदत करत होती. सुचिताला जाऊन तेव्हा सहा-सात महिने झाले असतील. तिचं बोलणं त्याच्या कानात जसंच्या तसं होतं, आणि ते तसं राहणार नाही याची त्याला भीती वाटत होती. म्हणून जे जे आठवलं ते सगळं त्याने त्या मुलीच्या तोंडी घातलं. क्षिप्रा बाहेर आली, तिने वाचलं आणि हसली.

"ही गावठी का बोलते? बाकी सगळे तर आपल्यासारखं बोलतात."

"असू दे," कुंदन म्हणाला. "ती तिथलीच आहे."

पुढच्या रविवारपासून काम सुरू करण्याआधी तो एकदा धक्क्यावर जाऊन यायचा. टेस्टिंग करतोय असं म्हणायचा. खरं म्हणजे ती काय म्हणते ते वाचायचा. आठवडाभर घरात जिचं नाव कोणी घेत नव्हतं, तिच्याशी त्याचं तेवढं बोलणं व्हायचं. बरं वाटायचं त्याला. घरी परत जाताना जड वाटायचं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात गेम बराचसा तयार झाला. क्षिप्राने फ्लॉप्या आणल्या आणि बॅचमधल्या काही जणांना एकेक कॉपी दिली. "खेळून बघा आणि काय आवडलं नाही ते सांगा," ती म्हणाली. "कौतुक नको. चुका सांगा."

पंधरवड्याने सर्वांनी क्लास सुटल्यावर थांबायचं ठरलं. बाबासो सरांनी सगळ्यांना चहा सांगितला. मुलं धडाधड बोलू लागली. लढाई फार लवकर संपते. राक्षस भारी आहे. तिवरांत एका ठिकाणी हीरो झाडात अडकून बसतो, बाहेरच येत नाही. क्षिप्रा सगळं ऐकून मान हलवत होती. मग दिलीप उठला. दिलीप दिघ्याचा. वडील तिथल्याच एका कंपनीत कामाला. पोरगा बिनधास्त, कोणाचीही नक्कल करणारा.

"ते सगळं जाऊ दे," तो म्हणाला. "ती धक्क्यावरची पोरगी कोणाच्या डोक्यातून आली? एकदम डोकं खाते राव. मी राक्षस मारायला चाललोय आणि ही मला विचारते, निवट्या रडतान का?"

सगळी हसली. दिलीपने आवाज बारीक केला, पाय हलवत टेबलावर बसला आणि तिची वाक्यं एकामागून एक म्हणू लागला. "दादूस, तू परत आलास? मना वाटला तू पान्यात बुरलास!" पोरं खो खो हसत होती. सरही हसले.

"काय उपयोग नाही तिचा," श्रुती म्हणाली. "रस्ता सांगत नाही, वस्तू देत नाही. नुसती बोलते."

"मी तर तिला चुकवून जायला शिकलो," दुसरा कोणीतरी म्हणाला.

कुंदन मागच्या बाकावर होता. तोही हसत होता. दिलीपचा तो बारीक आवाज ऐकताना त्याला पहिल्यांदाच वाटलं की एवढ्या सगळ्या लोकांना सुचिता भेटली. डोकं खाते, हे तर तिच्याबद्दल सगळेच म्हणायचे. ते तक्रार म्हणून बोलतायत हे त्याच्या लक्षातच आलं नाही. क्षिप्राने वळून त्याच्याकडे पाहिलं, तो हसताना दिसला, आणि तिने मनाशी ठरवलं की ह्यालाही पटलंय.

त्यानंतर कुंदनचा चुलतभाऊ आजारी होता, त्यात त्याचे दोन-तीन रविवार गेले. क्षिप्राने एकटीने काम केलं. लढाई सुधारली, झाडात अडकणं बंद केलं. सगळ्यांकडून जुन्या फ्लॉप्या परत मागवल्या आणि त्यांवरच नवा गेम उतरवून वाटायला ठेवला. तिच्या स्वतःच्या बॅकअपच्या फ्लॉपीवरही नवाच उतरवला. जुनं कशाला ठेवायचं.

नवा गेम तिने क्लासमध्येच सगळ्यांसमोर लावला. बाबासो सर खुर्ची ओढून बसले. "कुंदन, तू चालव," क्षिप्रा म्हणाली. तिला त्याचा चेहरा बघायचा होता. इतकं काम तिने कधीच केलं नव्हतं.

कुंदनने गेम सुरू केला. हीरो धक्क्यावर उभा राहिला. कुंदनने त्याला सवयीने डावीकडे नेलं. तिथे कोणी नव्हतं. त्याने टोकापर्यंत नेऊन परत आणलं.

"इथली कुठे गेली?"

"काढली," क्षिप्रा म्हणाली. "सगळेच म्हणत होते ना. आता बघ सुरुवात किती फास्ट झाली."

"बरं," कुंदन म्हणाला.

त्याने पुढे खेळून दाखवलं. राक्षसाशी लढाई झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, हे पुण्याच्या प्रदर्शनात पाठवू या. कुंदन उठला, संडासला जातो म्हणाला आणि परत आलाच नाही. क्षिप्रा त्याला शोधत खाली उतरली, तर तो बसस्टॉपच्या कट्ट्यावर बसला होता. समोरून त्याची बस निघून गेली तरी तो उठला नाही.

"काय झालं?"

"ते जुनं परत आणता येईल?"

"कोणतं जुनं?"

"तिचं. ती जे बोलायची ते."

क्षिप्रा वैतागली. "कुंदन, एका साइड कॅरेक्टरसाठी तू सगळ्यांसमोरून उठून आलास? मी तीन आठवडे एकटी मरत होते. तुला आवडत नव्हतं तर तेव्हाच सांगायचं. तू तर हसत होतास."

"हो."

"मग?"

"ती माझी बहीण होती," तो म्हणाला. "सुचिता. वारली ती."

क्षिप्राला आधी कळलंच नाही. तुला बहीण होती, हे शब्द तिच्या ओठांवर येऊन थांबले. मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. दर रविवारी धक्क्यावर जाणं. तिथली आहे ती, म्हणणं. ती त्याच्याशेजारी बसली.

"मला सांगायचं ना रे," ती एवढंच म्हणाली.

"कोणालाच नाही सांगितलं."

त्याच संध्याकाळी ती दोघं तिच्या घरी गेली. क्षिप्राने कॉम्प्युटरमध्ये शोधलं, पुसलेलं परत आणायचा एक प्रोग्राम होता तो चालवला. त्या जागेवर नवं लिहिलं गेलं होतं. तिने सगळ्या फ्लॉप्या काढल्या. सगळीकडे नवाच गेम. वैजयंतीकाकू चहा घेऊन आल्या, दोघांचे चेहरे बघून काही न विचारता कप ठेवून गेल्या.

"तू परत लिही," क्षिप्रा म्हणाली. "तुला आठवत असेल ना. मी आत्ता टाकते."

कुंदन कीबोर्डपुढे बसला. पहिलं वाक्य त्याने लिहिलं. मग थांबला. काय म्हणायची ती, चप्पल गाळात रुतली म्हणायची. पण पुढे काय म्हणायची? जे शब्द विसरायची तो भीती धरून बसला होता ते शब्द त्याने एकदा कॉम्प्युटरमध्ये ठेवले आणि मग लक्षात ठेवायचे सोडून दिले होते. सगळं तर तिथे आहे, असं त्याला वाटत होतं. त्याने जे लिहिलं ते वाचून बघितलं. ते सुचिताचं नव्हतं. कोणीतरी पोरीचा आवाज काढून लिहिल्यासारखं होतं. त्याने ते पुसलं.

एक फ्लॉपी परत आली नव्हती, दिलीपची. दुसऱ्या दिवशी दोघं बसने ऐरोलीपर्यंत आणि तिथून चालत दिघ्याला गेली. दिलीपचं घर वस्तीच्या आत, एका पिठाच्या गिरणीच्या वर. तो घरीच होता. आईने ह्यांना बसायला खाट दिली. दिलीपने फ्लॉपी कपाटाखालून काढली. तिचं पत्र्याचं झाकण वाकलं होतं, आत बुरशी धरली होती.

"पावसात छत गळत होतं," तो म्हणाला. "चालेल का माहीत नाही. का, काय झालं?"

क्षिप्रा बोलायच्या आधी कुंदनने विचारलं, "तुला ती वाक्यं आठवतात? त्या पोरीची?"

"ती? तोंडपाठ आहेत. माझ्या बारक्या भावाला रोज म्हणून दाखवायचो." दिलीप लगेच खाटेच्या कडेवर बसला, पाय सोडून हलवू लागला. आवाज बारीक केला. "दादूस, माजी चप्पल गालात रुतली. तू काढशील त रस्ता सांगीन. ही नाय रं, माजी डाव्या पायाची व्हती." त्याची आई दारातून हसली. त्याला आणखी जोर चढला. "राक्षसाला मारू नको. आदी त्याला ईचार, जेवलास का? उपाशी आसंल त्यो. मी नाय सांगनार राजा कुटं हाय, आदी मना हसव."

कुंदनने मान खाली घातली होती. "परत म्हण," तो म्हणाला.

दिलीपने परत म्हटलं. ह्या वेळी थोडं वेगळं आलं. राक्षसाच्या वाक्यात आणखी एक वाक्य आलं, त्याच्या दातांबद्दल. चप्पल डाव्याऐवजी उजव्या पायाची झाली.

"हे दातांचं होतं त्यात?" कुंदनने विचारलं.

"असेल. नाहीतर मीच घातलं असेल." दिलीप हसला. "मजा यायची म्हणून मी बरंच घालायचो."

"आणि जेवलास का, ते? ते तिचं होतं की तू घातलं?"

दिलीप आठवू लागला. मग त्याने कुंदनच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाय हलवायचे थांबवले. "काय झालंय?" त्याने क्षिप्राला विचारलं. तिने हळू आवाजात सांगितलं. खाली गिरणी चालू होती, घर हादरत होतं. दिलीपची आई दारातून पुढे आली आणि कुंदनच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. दिलीपला कुठे बघावं कळेना.

"मला नाही आठवत रे," तो शेवटी म्हणाला. "खरंच. माझं कुठलं आणि तिचं कुठलं, मला नाही सांगता येत."

कुंदनलाही सांगता येत नव्हतं. जेवलास का, हे सुचिता म्हणाली असती. अगदी तिचंच वाटत होतं. पण दातांचं वाक्यही तिचंच वाटू लागलं होतं.

फ्लॉपी चालली नाही. क्षिप्राने क्लासमध्ये सरांच्या मदतीने खूप प्रयत्न केले. झाकण काढून आतली चकती पुसून दुसऱ्या फ्लॉपीत घालून पाहिली. कॉम्प्युटर नुसता घरघर करून थांबायचा. बाबासो सर डोळे चोळत म्हणाले, "न्हाई निघत गं. आता तिला त्रास देऊ नको."

कुंदन घरी गेला तेव्हा सगुणा मोरीत जवळा धूत बसली होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. मग म्हणाला, "आई, सुचिता काय बोलायची धक्क्यावर?"

सगुणाचा हात पाण्यात थांबला. दीड-पावणेदोन वर्षांत ते नाव ह्या घरात कोणी घेतलं नव्हतं.

"मना काय म्हाईत," ती म्हणाली. "तुमी दोगं काय बोलायचं त्ये मना कदी सांगितलां? मी हाक मारायची, तवा गप व्हायचं."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. गेम म्हणजे काय, हे तिला समजायला वेळ लागला. एवढं समजलं की कॉम्प्युटरमध्ये धक्का होता, धक्क्यावर सुचिता बसलेली होती आणि जवळ गेलं की बोलायची. हेही समजलं की ती आता नाही.

"वाशीच्या पोरांना दावलीस?"

"हो. त्यांनी बघून चुका सांगाव्या म्हणून."

"दिग्याच्या पोरालापन?"

"हो."

"आनि मना नाय दावलीस." तिने जवळ्याची टोपली बाजूला ठेवली. हात पदराला पुसले, परत पुसले. ओरडली नाही. "वरीसभर ती त्यात बोलत व्हती, आनि मी इथं घरात."

कुंदनला वाटलं, तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं, असं तो म्हणू शकला असता. पण ते खरं नव्हतं. आई-बाबांपासून राखून त्याने ती एकट्यासाठी ठेवली होती.

गेम पुण्याला गेला नाही. क्षिप्राने पाठवायचं नाही म्हणून सांगितलं. सरांनी कारण विचारलं नाही. तिने कुंदनला विचारलं, दिलीपला आठवतंय ते तरी टाकू का. तो नको म्हणाला. "ती तुमच्या सगळ्यांची होईल," म्हणाला. रागाने नाही म्हणाला, पण त्यानंतर रविवारचं येणं सुटलं. क्लासमध्ये ती दोघं भेटत, बोलत. पहिल्यासारखं काही जुळलं नाही. वर्षअखेरीला क्षिप्राला पुण्यात नोकरी लागली.

मात्र ती जायच्या आधी एका सकाळी सगुणा कुंदनला घेऊन तिच्या दारात आली. नवं लुगडं नेसली होती, हातात सुक्या बोंबलांची पुडी होती. वैजयंतीकाकूंनी तिला सोफ्यावर बसायला सांगितलं, पण ती सरळ कॉम्प्युटरपाशी गेली.

"मना दाव," ती कुंदनला म्हणाली.

"त्यात आता ती नाही, आई."

"म्हाईत हाय. जागा दाव."

क्षिप्राने गेम लावून दिला आणि बाजूला झाली. कुंदन खुर्चीत बसला, सगुणा त्याच्या खांद्यावर हात टेकून उभी राहिली. पडद्यावर धक्का आला. निळ्या पाण्याच्या दोन रेघा आळीपाळीने वरखाली होत होत्या.

"कुटं बसायची?"

त्याने काचेवर बोट ठेवलं. सगुणाने वाकून पाहिलं. चष्मा नव्हता, म्हणून अगदी जवळ तोंड नेलं. मग तिने तिथेच, त्या रिकाम्या जागेवर तळहात ठेवला. काच कोमट होती.

"पाय पान्यात सोडलेलं व्हतं?"

"हो."

"मी किती सांगायची, पाय सोडून बसू नको," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुंदनला तिचं रडणं ऐकू आलं. वैजयंतीकाकू पुढे आल्या आणि तिला धरून बसल्या. क्षिप्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला आत जाववेना आणि पुढेही येववेना. कुंदनने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. कोणी गेम बंद कर म्हणालं नाही, म्हणून तो तसाच चालू राहिला.